स्विफ्ट कोड : परदेशातला पैसा नाशिकच्या खात्यापर्यंत कसा येतो आणि कुठे अडतो

द्राक्षांचा कंटेनर न्हावाशेव्याहून निघाला की रॉटरडॅमच्या खरेदीदाराचा मेल येतो, बँक डिटेल्स पाठवा. पिंपळगावच्या किंवा दिंडोरीच्या पॅकहाउसमध्ये चेकबुक उघडले जाते, चेकवर छापलेला खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड टाइप होतो आणि मेल जातो. चार दिवसांनी उलट विचारणा येते की तुमचा कोड आमच्या बँकेचे सॉफ्टवेअर घेत नाही. सातपूर-अंबडच्या कारखानदारांना, कॉलेज रोडवर घरी बसून परदेशी कंपन्यांची कामे करणाऱ्या मुलांना आणि मुलीची जर्मनीतली फी भरणाऱ्या पालकांना हाच खड्डा लागतो.

आयएफएससी हा भारतातल्या भारतात चालणारा कोड. एनईएफटी, आरटीजीएस, आयएमपीएस यांच्यासाठी तो लागतो. देशाबाहेर त्याला कोणी ओळखत नाही. तिथे लागतो बीआयसी, ज्याला सगळे स्विफ्ट कोड म्हणतात. नावे दोन, गोष्ट एकच. एखाद्या फॉर्मवर ‘बीआयसी’ असेल, एखाद्यावर ‘स्विफ्ट’, एखाद्यावर ‘आयएसओ ९३६२’. तिन्ही ठिकाणी तेच लिहायचे. स्विफ्ट ही १९७३ मध्ये स्थापन झालेली बँकांची सहकारी संस्था, मुख्यालय बेल्जियममध्ये ब्रसेल्सजवळच्या ला हुल्प गावी. ती स्वतः पैसे हलवत नाही. एका बँकेचा निरोप दुसऱ्या बँकेला सुरक्षितपणे पोचवते. पैसे हलतात ते बँकांनी एकमेकींकडे उघडून ठेवलेल्या खात्यांमधून. हे ध्यानात राहिले की पुढचा बराच गोंधळ आपोआप कमी होतो.

कोड वाचायचा कसा

कोड आठ किंवा अकरा अक्षरांचा असतो. नऊ किंवा दहा अक्षरांचा कोड नसतोच, त्यामुळे पहिली तपासणी म्हणजे अक्षरे मोजणे. पहिली चार अक्षरे बँकेची, पुढची दोन देशाची, त्यापुढची दोन ठिकाणाची. शेवटची तीन असलीच तर शाखेची किंवा विभागाची. बँक ऑफ महाराष्ट्रचा कोड एमएएचबी-आयएन-बीबी. एचडीएफसीचा एचडीएफसी-आयएन-बीबी. (इथे समजण्यासाठी मध्ये आडव्या रेघा दिल्या आहेत. फॉर्मवर रोमन कॅपिटल अक्षरांत, मध्ये जागा किंवा रेघ न सोडता सलग लिहायचा.)

आयएफएससीशी घोळ का होतो तेही बघा. आयएफएससीसुद्धा अकरा अक्षरांचा असतो आणि बऱ्याच बँकांच्या दोन्ही कोडची पहिली चार अक्षरे सारखीच असतात. ओळखण्याची खूण पाचव्या जागेवर आहे. आयएफएससीत पाचवे अक्षर कायम शून्य असते. स्विफ्ट कोडमध्ये पाचव्या-सहाव्या जागी देशाची दोन अक्षरे येतात, म्हणजे भारतातल्या बँकेसाठी आयएन. पाचव्या जागी शून्य दिसला की तो कोड परदेशी पाठवू नका.

बीबी ही ठिकाणाची अक्षरे मुंबईच्या जुन्या इंग्रजी नावावरून आलेली. बँक ऑफ महाराष्ट्रचे मुख्यालय पुण्यात, कॅनराचे बंगळुरूत, तरी दोघींच्या कोडमध्ये बीबीच आहे. आपले खाते शरणपूर रोडच्या शाखेत आहे, मग कोडमध्ये मुंबई कशी, असे विचारत बसण्यात अर्थ नाही.

शेवटची तीन अक्षरे नसली किंवा तिथे एक्सएक्सएक्स असले तर तो कोड बँकेच्या मुख्य कार्यालयाचा. आठ अक्षरी कोड आणि त्याच्यापुढे एक्सएक्सएक्स लावलेला अकरा अक्षरी कोड एकच. परदेशी फॉर्मला अकराच अक्षरे हवी असतील तर एक्सएक्सएक्स लावा. मात्र आपल्या शाखेच्या आयएफएससीची शेवटची तीन अक्षरे उचलून तिथे चिकटवण्याची अक्कल चालवू नका. असा कोड बहुधा अस्तित्वातच नसतो आणि निरोप पहिल्याच पायरीवर परत फिरतो.

आता खरी मेख. आयबीएएनमध्ये, म्हणजे युरोपात आणि इतर अनेक देशांत चालणाऱ्या लांब खाते क्रमांकात, दोन तपासणी अंक असतात आणि एखादा आकडा चुकला तर संगणक लगेच ओरडतो. बीआयसीमध्ये असा एकही तपासणी अंक नाही. एक अक्षर चुकले आणि तो कोड योगायोगाने दुसऱ्या बँकेचा निघाला, तर यंत्रणा तो मुकाट्याने स्वीकारते. ही नुसती कल्पना नाही. स्टेट बँकेचा कोड एसबीआयएन-आयएन-बीबी, सेंट्रल बँकेचा सीबीआयएन-आयएन-बीबी, युनियन बँकेचा यूबीआयएन-आयएन-बीबी. तिघींमध्ये फरक पहिल्या एका अक्षराचा. शिवाय या तिन्ही कोडमध्ये आयएन दोनदा लागोपाठ येते, एकदा बँकेच्या नावातले आणि एकदा देशाचे. हाताने उतरवताना त्यातले एक हमखास गळते आणि कोड सहा अक्षरांचा होतो. म्हणून कोड हाताने टाइप करायचाच नाही. बँकेच्या पत्रावरून एकदा नीट घ्यायचा, दोघांनी वाचून ताडायचा आणि पुढे दरवेळी तीच फाइल पाठवायची.

चुकण्याची आणखी एक जागा : इंग्रजी ओ आणि शून्य, इंग्रजी आय आणि एक. पहिल्या सहा जागांवर आपल्याला भेटणाऱ्या व्यापारी बँकांच्या कोडमध्ये अक्षरेच असतात, आकडे येतात ते सातव्या जागेपासून. नेदरलँड्सच्या राबोबँकेचा कोड आरएबीओ-एनएल-२यू. यातला चौथ्या जागचा ओ हा अक्षर ओ, शून्य नव्हे. आठव्या जागी शून्य असेल तर तो सहसा चाचणीसाठीचा कोड असतो, त्यावर पैसे जात नाहीत.

आपल्या बँकेला कोड आहे का

बहुतेक शाखांना स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो, आणि नसला म्हणून काही बिघडत नाही. निफाडच्या किंवा ओझरच्या शाखेतले खाते असले तरी बँकेचा मुख्य कोड आणि पूर्ण खाते क्रमांक यांवर पैसे येतात. काही बँका परकीय चलनाचे काम ठरावीक शाखांतूनच करतात आणि त्यांना वेगळा अकरा अक्षरी कोड देतात. निर्यातीचे पैसे असतील तर शाखेत विचारा, ‘आमची आवक कोणत्या फॉरेक्स शाखेतून होते आणि तिचा कोड काय?’ प्रश्न असा विचारला की उत्तर नेमके मिळते. नुसता ‘तुमचा स्विफ्ट कोड काय’ असे काउंटरवर विचारले तर बऱ्याचदा आयएफएससीच लिहून मिळतो.

नाशिक जिल्ह्यात अनेकांचे मुख्य खाते सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत असते, आणि इथे गाडी खरोखर अडते. पतसंस्था ही बँक नाही, तिला स्विफ्ट कोड नसतो. सहकारी बँकांपैकीही परकीय चलनाचा पूर्ण परवाना असलेल्या थोड्या. तुमची बँक ‘आमच्यासाठी अमुक मोठ्या बँकेत पैसे येतात, तिथून आम्ही तुमच्या खात्यात जमा करतो’ असे सांगत असेल, तर ती व्यवस्था तिच्याकडून लेखी घ्या : मोठ्या बँकेचा कोड, तिथला तुमच्या बँकेचा खाते क्रमांक, आणि संदेशात तुमचे नाव व खाते क्रमांक नेमका कुठे लिहायचा. यातला एक दुवा निसटला की पैसे मोठ्या बँकेत बेवारस पडतात. नियमित निर्यात असेल तर सरळ परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेत चालू खाते उघडलेले बरे. सोसायटीचे कर्ज, पीककर्ज, ठेवी राहू द्यात जिथे आहेत तिथे.

कोड घ्यायचा तो बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा फॉरेक्स डेस्कच्या पत्रावरून, आणि ताडून पाहायचा स्विफ्टच्या संकेतस्थळावरच्या मोफत बीआयसी शोधात. गुगलमध्ये वर येणाऱ्या कोडच्या याद्या जुन्या असू शकतात. एप्रिल २०२० मध्ये आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेल्या, सिंडिकेट कॅनरात, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत. त्याआधी २०१९ मध्ये देना आणि विजया बँक ऑफ बडोदामध्ये. परदेशी खरेदीदाराच्या संगणकात पाच-सात वर्षांपूर्वीचा तुमचा कोड पडून असेल तर तो स्वतःहून बदलत नाही. तुम्हीच लेटरहेडवर कळवायचे, आणि ते कळवताना तो फोन करून खात्री करेल अशी तयारी ठेवायची. त्याचे कारण लेखाच्या शेवटी सांगितले आहे.

पाठवणाऱ्याला द्यायचा कागद

एकच पान तयार करा, पीडीएफ करून ठेवा आणि प्रत्येक इनव्हॉइसच्या तळाशी तोच मजकूर टाका. त्यावर हे असावे :

- खातेदाराचे नाव, पासबुकावर आहे तसेच्या तसे
- पूर्ण खाते क्रमांक
- बँकेचे नाव, शाखा, शहर, देश
- स्विफ्ट कोड
- लागत असल्यास मध्यस्थ बँकेचा कोड
- चलन, आणि शुल्क कोणी भरायचे
- इनव्हॉइस क्रमांक व कशाचे पैसे ते दोन-तीन शब्दांत

नावाबाबत बँका काटेकोर असतात. खाते फर्मच्या नावावर आणि इनव्हॉइस मालकाच्या नावावर, असे झाले की पैसे अडतात. स्विफ्टच्या संदेशात मोजकीच चिन्हे चालतात : रोमन अक्षरे, आकडे, तिरकी रेघ, आडवी रेघ, स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस आणि आणखी दोन-चार. ‘अँड’चे जोडचिन्ह, ॲट द रेट, देवनागरी अक्षर चालत नाही. फर्मच्या नावात ते जोडचिन्ह असेल तर कागदावर रोमन अक्षरांत ‘अँड’ असा पूर्ण शब्द लिहून द्या. नाहीतर पाठवणारी बँक आपल्या मनाने काहीतरी घालते किंवा ते गाळते.

पत्त्याची गंमत वेगळी. जुन्या पद्धतीच्या संदेशात नाव-पत्त्याला चार ओळी, प्रत्येक ओळ पस्तीस अक्षरांची. आपल्याकडचा ‘अमुक मंदिरासमोर, तमुक हॉस्पिटलच्या मागे, गंगापूर रोड’ असा पत्ता त्यात मावत नाही आणि कापला जातो तो शेवटून, म्हणजे शहर आणि देशच जातात. नोव्हेंबर २०२५ मध्ये बँकांचे आपसातले रक्कम-संदेश आयएसओ २००२२ या नव्या साच्यात गेले, आणि नोव्हेंबर २०२६ पासून गाव व देश वेगळ्या रकान्यांत द्यावेच लागतील, सगळा पत्ता सलग ओळींत चालणार नाही. त्यामुळे कागदावर पत्ता आधीच तोडून लिहा : इमारत व रस्ता, गाव, पिन, देश. नाशिकचे रोमन स्पेलिंग कुणाच्या खात्यावर एच घालून असते, कुणाच्या एचशिवाय. बँकेच्या नोंदीत जे आहे तेच ठेवा, दोन ठिकाणी दोन नकोत.

युरोपातला पाठवणारा हटकून आयबीएएन मागतो. भारतात आयबीएएन नाही. नसलेली गोष्ट तयार करता येत नाही, तरी लोक खाते क्रमांकाच्या आधी आयएन आणि दोन आकडे लावून पाठवतात आणि मग तो फॉर्म चुकीचा ठरतो. पाठवणाऱ्याला सांगा, फॉर्ममध्ये आधी देश भारत निवडा, मग आयबीएएनचा रकाना जाऊन खाते क्रमांकाचा येतो. त्याच्या बँकेच्या ॲपमध्ये फक्त ‘सेपा ट्रान्सफर’ दिसत असेल तर तो चुकीच्या दारात उभा आहे. सेपा युरोपातल्या युरोपात चालते, भारत त्यात नाही. त्याला ‘इंटरनॅशनल पेमेंट’ निवडावे लागेल. अमेरिकन पाठवणारा एबीए राउटिंग नंबर मागेल, तोही आपल्याकडे नाही. तो अमेरिकेतल्या बँकांचा नऊ आकडी क्रमांक. आपण द्यायचे ते स्विफ्ट कोड आणि खाते क्रमांक, बस.

चलन युरो किंवा डॉलरच लिहा. पाठवणाऱ्याने तिकडेच रुपये करून पाठवले तर दर त्याच्या बँकेचा लागतो, आणि तो दर घासाघीस करून मिळालेला नसतो.

मध्यस्थ बँक : सगळ्यात जास्त चुका इथेच

डॉलर कुठूनही निघाला तरी त्याचा हिशेब शेवटी अमेरिकेतल्या बँकांमध्ये होतो. दुबईच्या खरेदीदाराने नाशिकच्या निर्यातदाराला डॉलर पाठवले, तर दुबईच्या बँकेचे न्यूयॉर्कमधले खाते नावे पडते आणि आपल्या बँकेचे न्यूयॉर्कमधले खाते जमा होते. आपल्या बँकेच्या या परदेशातल्या खात्याला नोस्ट्रो म्हणतात, आणि ते जिथे आहे ती मध्यस्थ किंवा करस्पाँडंट बँक. युरोचे नोस्ट्रो बहुधा फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी. प्रत्येक चलनाची मध्यस्थ बँक वेगळी, म्हणून डॉलरचा कागद युरोला चालत नाही. प्रत्येक बँक आपल्या नोस्ट्रो खात्यांची यादी प्रसिद्ध करते किंवा मागितल्यावर देते.

फॉर्मवर दोन रकाने असतात, ‘इंटरमीडियरी बँक’ आणि ‘बेनिफिशियरी बँक’. पहिल्यात न्यूयॉर्कची बँक, उदाहरणार्थ सिटीबँक न्यूयॉर्क असेल तर सीआयटीआय-यूएस-३३. दुसऱ्यात आपली भारतातली बँक. लाभार्थीच्या रकान्यात आपले नाव आणि भारतातला खाते क्रमांक. गल्लत होते ती अशी : पाठवणारा मध्यस्थ बँकेचाच कोड बेनिफिशियरी बँकेच्या रकान्यात टाकतो. न्यूयॉर्कची बँक आपल्या नावाचे खाते स्वतःकडे शोधते, तिला ते मिळत नाही, आणि आठवडाभराने रक्कम शुल्क कापून परत जाते. दुसरी गल्लत म्हणजे लाभार्थीच्या खाते क्रमांकाच्या जागी नोस्ट्रोचा क्रमांक लिहिणे. मग पैसे बँकेत पोचतात पण कोणाचे ते कळत नाही.

पाठवणाऱ्याकडून संदेशाची प्रत मिळाली तर हे डोळ्यांनी तपासता येते. जुन्या साच्यातल्या हस्तांतर-संदेशात, म्हणजे एमटी१०३ मध्ये, ५६ हा रकाना मध्यस्थाचा, ५७ लाभार्थीच्या बँकेचा, ५९ लाभार्थीचा. नव्या साच्यातल्या संदेशाला पॅक्स००८ म्हणतात, पण बँकेतली माणसे अजून एमटी एकशेतीनच म्हणतात, तेव्हा तोच शब्द वापरा.

मध्यस्थाचा रकाना कंपल्सरी नसेल आणि बँकेने मुद्दाम सांगितले नसेल तर तो रिकामा सोडलेला उत्तम. पाठवणारी बँक आपला मार्ग स्वतः शोधते.

वीस हजारांचे वीस हजार का येत नाहीत

शुल्काचे तीन पर्याय असतात. ‘अवर’ म्हणजे सगळे शुल्क पाठवणाऱ्याचे. ‘शा’ म्हणजे त्याच्या बँकेचे त्याने, पुढचे आपण. ‘बेन’ म्हणजे सगळे आपल्या माथी. काहीच लिहिले नाही तर बहुतेक ठिकाणी ‘शा’ धरतात. समजा इनव्हॉइस २०,००० युरोचे आहे आणि वाटेतल्या बँकेने १५ युरो कापले, तर बँकेत पोचतात १९,९८५. त्यावर आपल्या बँकेचे आवक शुल्क. शिवाय चलन बदलण्यावर जीएसटी लागतो, तो पूर्ण रकमेवर नव्हे तर एका ठरलेल्या सूत्राने : १० लाखांच्या पुढच्या रकमेसाठी ५,५०० रुपये अधिक १० लाखांवरच्या भागाचा ०.१ टक्का, आणि येईल त्यावर १८ टक्के. हिशेबासाठी युरो १०० रुपयांचा धरला तर २० लाखांवर ६,५०० रुपयांचे मूल्य आणि १,१७० रुपये जीएसटी. खरा फटका यापेक्षा दरात बसतो. पैसे जमा झाल्यावर दर विचारून उपयोग नाही. मोठी रक्कम येणार असेल तर आदल्या दिवशी फॉरेक्स डेस्कला फोन करून भाव बोलून घ्या.

डॉलरच्या बाबतीत ‘अवर’ लिहूनही मधली बँक कधीकधी कापतेच. करारात ‘बँक शुल्क वजा न करता पूर्ण रक्कम’ असे वाक्य असलेले बरे, कारण शिपिंग बिलावरची रक्कम आणि आलेली रक्कम यांतला फरक बँकेला ईडीपीएमएसमध्ये (निर्यातीच्या वसुलीवर लक्ष ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत) दाखवावा लागतो. तो शुल्काचा असल्याचा पुरावा, म्हणजे संदेशाची प्रत, जपून ठेवा.

रक्कम आली की बँक परपज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा कोड, विचारते. निर्यातीची आगाऊ रक्कम पी०१०३, वसुलीसाठी पाठवलेल्या निर्यात बिलाची रक्कम पी०१०२, सॉफ्टवेअर सल्लागारीचे पैसे पी०८०२, परदेशातल्या भारतीयाने घरखर्चाला पाठवलेले पी१३०१. उत्तर दिल्याशिवाय पैसे खात्यात पडत नाहीत, बँकेच्याच एका खात्यात थांबतात. ‘पैसे आले म्हणे पण दिसत नाहीत’ या तक्रारीमागे बऱ्याचदा बँकेचा न वाचलेला मेल असतो. फ्रीलान्स काम करणाऱ्यांनी घाईघाईत घरखर्चाचा कोड टाकू नये. पुढे जीएसटी आणि आयकराच्या कागदांशी तो जुळत नाही. जमा झाल्यावर इनवर्ड रेमिटन्स ॲडव्हाइस मागून घ्या. मालाची निर्यात असेल तर बँकेने आयआरएम (रक्कम आल्याचा संदेश) पाठवला का ते बघा, कारण डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, पोर्टलवर ई-बीआरसी (निर्यातीचे पैसे आल्याचा दाखला) आता निर्यातदारालाच तयार करावी लागते आणि ती त्या आयआरएमवरच बनते.

उलट दिशेने : इथून बाहेर

फी, परदेशातल्या मुलाचा खर्च. लागतात ते अर्ज ए२ (परकीय चलन मागण्याचा बँकेतला अर्ज), पॅन, आणि कशासाठी पाठवता त्याचा कागद. निवासी व्यक्तीला उदारीकृत रेमिटन्स योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. वर्षभरात १० लाख रुपयांच्या पुढे गेलात तर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो आयकर) लागतो, पण मान्य वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून भरलेल्या फीवर नाही. शिक्षणासाठी परपज कोड एस०३०५.

युरोपात पाठवताना बीआयसी आणि आयबीएएन दोन्ही घ्या आणि एकमेकांशी ताडा. आयबीएएनची पहिली दोन अक्षरे आणि बीआयसीची पाचवी-सहावी अक्षरे बहुतेक वेळा एकाच देशाची असतात. जर्मन आयबीएएन २२ अक्षरांचा आणि डीईने सुरू होणारा, डच १८ चा, अमिरातीतला २३ चा. अमेरिकेत आयबीएएन नाही : बीआयसी, नऊ आकडी राउटिंग नंबर आणि खाते क्रमांक. तिथल्या बऱ्याच बँकांचा वायरसाठीचा (थेट बँक हस्तांतरासाठीचा) राउटिंग नंबर आणि एसीएचचा (तिथल्या देशांतर्गत भरण्यांचा) नंबर वेगवेगळा असतो, विद्यापीठाच्या पानावरून वायरचाच उचला. बँक-शाखा ओळखायला ऑस्ट्रेलियात सहा आकडी बीएसबी, ब्रिटनमध्ये सहा आकडी सॉर्ट कोड. विद्यार्थी क्रमांक रेफरन्समध्ये घातला नाही तर फी विद्यापीठात पोचूनही विद्यार्थ्याच्या नावावर चढत नाही. आणि शुल्काचा पर्याय ‘अवर’च ठेवा, वीस डॉलर कमी पोचले तरी नोंदणी अडते.

वाट किती पाहायची

सरळ मार्ग असेल तर एक ते तीन कामाचे दिवस. सुट्ट्या तिन्ही ठिकाणच्या मोजायच्या : पाठवणाऱ्या देशाच्या, चलनाच्या देशाच्या आणि आपल्या. द्राक्ष हंगामाच्या शेवटाला ही गोष्ट टोचते, कारण युरोची यंत्रणा गुड फ्रायडेपासून ईस्टर सोमवारपर्यंत सलग चार दिवस बंद असते, आणि १ एप्रिलला आपल्या बँका वार्षिक हिशेबासाठी ग्राहकांना बंद. दोन्ही एकाच आठवड्यात आले तर मजुरीची आणि वाहतुकीची सोय आधी करून ठेवा.

चार दिवस झाले तर पाठवणाऱ्याकडून यूईटीआर मागा. हा ३६ अक्षरांचा क्रमांक, मधल्या चार आडव्या रेघा धरून, प्रत्येक हस्तांतराचा वेगळा. ‘पाठवले आहेत’ या शब्दापेक्षा हा क्रमांक विश्वासाचा. तो घेऊन आपल्या शाखेत गेलात की पैसे कोणत्या बँकेत, कोणत्या कारणाने थांबले ते बँकेला दिसू शकते. निर्बंधांची तपासणी हे एक नेहमीचे कारण. नावात किंवा तपशिलात निर्बंध असलेल्या देशाचा अथवा व्यक्तीचा भास झाला तरी माणसाने पाहीपर्यंत रक्कम थांबते, म्हणून तपशिलात नको ते शब्द घालू नका.

कोड चुकला आणि पैसे अजून वाटेत असतील तर पाठवणाऱ्या बँकेकडून दुरुस्तीचा संदेश जाऊ शकतो. दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले असतील तर परतीची विनंती पाठवता येते, पण त्या खातेदाराची संमती लागते आणि हमी कोणी देत नाही. परत आलेच तर शुल्क कापून आणि त्या दिवशीच्या दराने.

सामाजिक संस्थांसाठी नियम वेगळा. एफसीआरएखालची (परदेशी देणगी नियमन कायद्याखालची) देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यावर घ्यायची. कोड एसबीआयएन-आयएन-बीबी-१०४. नाशिकच्या शाखेचा खाते क्रमांक देणगीदाराला देऊच नका.

‘आमची बँक बदलली आहे’

पुरवठादाराच्या मेलवरून नवे बँक डिटेल्स येतात, लोगो तोच, सही तीच, मजकूर नेहमीसारखा. मेल हॅक करून दोघांच्या मध्ये शिरलेला माणूस एवढेच बदलतो : कोड आणि खाते क्रमांक. इथे कोड वाचता येण्याचा उपयोग होतो. जर्मनीतल्या पुरवठादाराच्या नव्या कोडमध्ये पाचव्या-सहाव्या जागी डीईऐवजी एचके (हाँगकाँग) किंवा एलटी (लिथुआनिया) दिसले तर थांबा. देश तोच असला तरी पहिली चार अक्षरे स्विफ्टच्या शोधात टाकून बँकेचे नाव कागदाशी जुळते का बघा. मग आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर, त्या मेलमधल्या नंबरवर नव्हे, फोन करून खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे त्याच्या तोंडून ऐका. परदेशी खरेदीदारालाही सांगून ठेवा की आमच्याकडून असा मेल आला तर आम्हालाही असाच फोन करा. पैसे गेल्याचे लक्षात आले तर त्याच तासाला बँकेला परतीचा संदेश पाठवायला लावा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.